स्टेडियमच्या बाहेरची जत्रा: अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, टेलगेटिंग आणि गर्दीचे आकडे

अमेरिकेत कॉलेजची पोरं फुटबॉल खेळतात आणि ते बघायला एक लाख माणसं येतात, असं भारतात कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "कॉलेजची टीम? एक लाख?" हो, एक लाख. ॲन आर्बरमधल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. आपलं वानखेडे साधारण ३३ हजारांचं, म्हणजे तीन वानखेडे भरून वर काही हजार लोक उरतील. आणि हे एकटंच नाही हां. पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, टेनेसी, एलएसयू (लुईझियाना स्टेट), अलाबामा, टेक्सस, ही सगळी लाखाच्या वरची स्टेडियम्स आहेत आणि सगळी विद्यापीठांची आहेत. एनएफएल ही तिथली प्रोफेशनल लीग, पैसा तिच्याकडे जास्त, पण लाखभर खुर्च्यांचं स्टेडियम तिच्याकडे एकही नाही. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून लांबट बॉल हातात घेऊन पळतात तो.)

आता यातली खरी गंमत अशी की हे लाखभर लोक फक्त मॅचसाठी येत नाहीत. मॅच साडेतीन तासांची, पण लोक येतात सहा सहा तास आधी, काहीजण तर आदल्या दिवशीच. गावच्या जत्रेत देवदर्शन पाच मिनिटांचं असतं आणि जत्रा दोन दिवसांची, तसंच हे. स्टेडियमच्या बाहेर, पार्किंगमध्ये, कॅम्पसच्या हिरवळीवर, नदीत बोटींवर जी जत्रा भरते तिला टेलगेटिंग म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की ही बाहेरची जत्रा समजल्याशिवाय आतल्या गर्दीचे आकडे समजतच नाहीत, ते का वाढतात, का पडतात, आणि जाहीर केलेला आकडा आणि डोळ्यांना दिसणारी माणसं यांचा मेळ का बसत नाही, ते काहीच कळत नाही.

आधी हे सुरू कसं झालं ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

कॉलेजांमधली पहिली फुटबॉल मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू जर्सीत झाली, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, रटगर्स ६-४ ने जिंकलं. म्हणजे कॉलेज फुटबॉल एनएफएलपेक्षा पन्नास वर्षांनी जुनं आहे, आणि लोकांची निष्ठा आधी कॉलेजच्या टीमला मिळाली ती तशीच राहिली. मग १९१४ मध्ये येलचं ७० हजारांचं स्टेडियम उघडलं, १९२२ मध्ये ओहायो स्टेडियम, १९२७ मध्ये मिशिगनचं, आणि नेमक्या त्याच काळात सामान्य माणसाच्या दारात मोटारगाडी आली. आता विचार करा, ही विद्यापीठं बहुतेक छोट्या गावांमध्ये आहेत. पेन स्टेट ज्या गावात आहे त्या स्टेट कॉलेजची वस्ती साधारण ४० हजार आणि स्टेडियमची क्षमता लाखाच्या वर! गावात इतकी हॉटेलं नाहीत, इतके रस्ते नाहीत, इतक्या लोकांना जेवू घालायची सोय नाही. मग माणूस काय करणार, ट्रॅफिक लागायच्या आधी पहाटेच निघणार, डबा बरोबर घेणार, गाडी लावून तिथेच खाणार. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टेशन वॅगन गाड्या घरोघरी आल्या, त्यांचा मागचा दरवाजा आडवा उघडला की आपोआप टेबल तयार. १९५२ मध्ये वेबर कंपनीची झाकणवाली गोल शेगडी आली, १९५६ च्या कायद्यानंतर देशभर मोठे हायवे झाले आणि दोनशे-तीनशे किलोमीटरवरून एका दिवसात जाऊन यायची सोय झाली. म्हणजे हा काही कुणी ठरवून चालू केलेला सण नाही. लांबून येणारे लोक, अपुरं गाव आणि प्रत्येकाकडे गाडी, या तीन गोष्टींमधून तो आपोआप उगवला.

आणि गावागणिक त्याचं रूप वेगळं आहे, मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावात ओल मिस विद्यापीठ आहे आणि कॅम्पसच्या मधोमध ओकच्या जुन्या झाडांची साधारण दहा एकरांची जागा आहे, तिला ग्रोव्ह म्हणतात. पूर्वी गाड्या थेट आत यायच्या, पण पावसाने सगळा चिखल झाला आणि १९९१ पासून गाड्यांना बंदी झाली. तेव्हापासून तिथे तंबू लागतात, एकाला एक खेटून, लाल-निळे-पांढरे, आणि आतमध्ये काय असतं तर टेबलांवर पांढरे टेबलक्लॉथ, चांदीची भांडी, फुलदाण्या, आणि तंबूच्या दांड्याला चक्क झुंबर लटकवलेलं! बायका छान ड्रेस घालून येतात, पुरुष ब्लेझर-टाय लावून. आगीच्या भीतीने तिथे शेगडी पेटवायला मनाई आहे, म्हणून फ्राइड चिकन, मसाला भरलेली उकडलेली अंडी, छोटी सँडविचेस असं सगळं तयार करून आणतात. मॅचच्या दोनेक तास आधी टीम या तंबूंच्या मधून चालत स्टेडियमकडे जाते. टीम हरली तरी ग्रोव्ह ओस पडत नाही, लोक मॅच संपल्यावर परत तंबूत येऊन बसतात.

टेनेसीमध्ये नॉक्सव्हिलला स्टेडियम नदीला लागून आहे. १९६२ मध्ये जॉर्ज मूनी नावाचे एक रेडिओवाले गृहस्थ ट्रॅफिक टाळायला आपली छोटी बोट घेऊन नदीतून आले, पुढच्या वेळी आणखी कुणी आलं, होता होता बोटींचा ताफाच झाला आणि त्याला आता व्हॉल नेव्ही म्हणतात. लोक दोन दोन दिवस आधी येऊन बोटी एकमेकींना बांधून ठेवतात आणि एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर जेवायला जातात. सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठाचं स्टेडियम तळ्याकाठी आहे, तिथेही लोक बोटींनी येतात. साउथ कॅरोलायनात तर स्टेडियमशेजारी रुळांवर मालगाडीच्या मागचे गार्डचे २२ जुने डबे कायमचे उभे आहेत, आतून घरासारखे सजवलेले, आणि लोकांनी ते फक्त मॅचच्या दिवसांसाठी विकत घेतलेत. लुईझियानात एलएसयूला मोठमोठ्या पातेल्यांत जांबालाया हा मसालेदार भात शिजतो, टेक्ससमध्ये रात्रभर मंद धुरावर ब्रिस्केट (गोमांसाचा मोठा तुकडा) भाजतात, विस्कॉन्सिनला ब्राट नावाचे सॉसेज. खाण्यावरून राज्य ओळखावं इतका फरक आहे.

मी राहतो कोलंबसला, ओहायो स्टेटच्या गावात, त्यामुळे इथलं जवळून सांगू शकतो. मॅच दुपारी बाराची असेल तर पहाटे सहाला पार्किंगचा लॉट उघडायच्या आधीच गाड्यांची रांग लागलेली असते. एकेका गाडीतून काय काय निघतं हे बघण्यासारखं असतं, चार पायांचा घडीचा मांडव, त्याचे पाय वाऱ्याने उडू नयेत म्हणून बांधायला वाळूच्या पिशव्या, गॅसची टाकी, दोन कूलर, घडीच्या खुर्च्या, जनरेटर आणि त्यावर चालणारा टीव्ही. ब्राट आधी बिअर आणि कांद्याच्या पाण्यात उकळतात आणि मग जाळीवर टाकतात, त्याचा वास पूर्ण लॉटभर. शेजारी चिलीचं, म्हणजे मांस-बीन्सच्या घट्ट रश्श्याचं पातेलं. पीनट बटरचे गोळे चॉकलेटमध्ये बुडवून वरती एक गोल न बुडवलेला ठेवतात, ते बकआय, ते तर प्रत्येक टेबलावर असणारच. पोरंटोरं कॉर्नहोल खेळतात, म्हणजे तिरक्या फळीतल्या भोकात मक्याच्या दाण्यांची पिशवी फेकायची, आणि त्या पिशवीचा फळीवर पडल्याचा थप्प थप्प आवाज दिवसभर चालू असतो. अनोळखी माणूस समोरून ओरडतो "ओ-एच!", तुम्ही ओरडायचं "आय-ओ!", ओहायोचं स्पेलिंग पूर्ण, झाली ओळख. सत्तरीतले आजोबा, त्यांचा मुलगा, नात आणि नातीचं बाळ असे चौघे त्याच पार्किंगच्या जागेवर वर्षानुवर्षं येताना मी बघितलेत. त्यांच्या नात्यातल्या भेटीगाठी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, सगळं त्या लॉटमध्येच कळतं. त्या आजोबांना स्कोअर विचारा, कदाचित आठवणार नाही, पण कुठल्या वर्षी बर्फात शेगडी पेटत नव्हती ते बरोबर सांगतील.

म्हणून म्हणतो, तिकीट हा या सगळ्यातला एक भाग आहे. आता गर्दीच्या आकड्यांकडे येऊ, कारण इथे बरीच गुंतागुंत आहे.

टीव्हीवर मॅच चालू असताना खाली येतं "आजची उपस्थिती १,०४,०००". हा आकडा बहुतेक वेळा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा असतो, गेटवर स्कॅन झालेल्या तिकिटांचा नाही. काही ठिकाणी त्यात बँड, कर्मचारी, सिक्युरिटी, पत्रकार सगळे धरतात. सीझन तिकीट घेतलेला माणूस पाऊस आहे म्हणून घरी बसला तरी तो "उपस्थित"च. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने विद्यापीठांकडून गेटवरचे स्कॅनचे आकडे मिळवले तेव्हा कळलं की प्रत्यक्ष आत गेलेले लोक जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच होते. म्हणजे शंभर सांगितले की एकाहत्तर आले. आणि मला विचाराल तर त्या उरलेल्यांपैकी काहीजण घरी नसणारच, ते बाहेर लॉटमध्ये टीव्ही लावून बसलेले असणार!

आकडा फुगवायचं कारण नुसती फुशारकी नाही. कॉलेज खेळांची जी संस्था आहे एनसीएए, तिचा कित्येक वर्षं नियम होता की वरच्या श्रेणीत राहायचं तर सरासरी किमान १५ हजार उपस्थिती दाखवायलाच हवी. छोट्या कॉलेजांना ते जड जायचं, मग स्पॉन्सरच्या गळ्यात ठोक तिकिटं मारणं वगैरे मार्ग निघाले. तो नियम आता काढून टाकलाय. शिवाय मान असतोच. मिशिगनला १९७५ पासून प्रत्येक होम मॅचला लाखाच्या वर आकडा जाहीर होतोय, फक्त २०२० चं कोविडचं वर्ष सोडून. नेब्रास्काचं स्टेडियम तर १९६२ पासून प्रत्येक मॅचला "सोल्ड आउट" आहे, साठ वर्षांहून जास्त, आणि ही साखळी तुटू नये म्हणून पडत्या काळात देणगीदारांनी उरलेली तिकिटं उचलली आहेत. अशी साखळी एकदा तयार झाली की ती तोडायचं धाडस कोण करणार?

आता पडझडीचं बोलू. वरच्या श्रेणीतल्या सगळ्या कॉलेजांची सरासरी काढली तर २००८ च्या सुमारास ती ४६ हजारांच्या वर होती, २०१८ ला ४२ हजारांच्या खाली आली, आणि तो तेव्हा वीसेक वर्षांतला नीचांक होता. कोविडनंतर परत सावरली. पण त्या दहा वर्षांत नक्की काय झालं?

पहिलं कारण टीव्ही, आणि हे भांडण फार जुनं आहे. १९५० च्या आसपास टीव्ही आला तेव्हाच एनसीएएला वाटलं की लोक घरी बसून बघतील आणि स्टेडियम रिकामी पडतील, म्हणून त्यांनी आठवड्याला किती मॅचेस टीव्हीवर दाखवायच्या यावर कडक मर्यादा घातली. ही मर्यादा तीस वर्षं टिकली. मग ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही दोन विद्यापीठं कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही मक्तेदारी बेकायदा आहे. दार उघडलं, पैसा आला, आज बिग टेन या विद्यापीठांच्या एका गटाचा टीव्ही करार सात वर्षांचा आणि ७ अब्ज डॉलर्सच्या वर आहे. पण पैशाबरोबर टीव्हीवाल्यांचा हुकूमही आला. किकऑफ, म्हणजे मॅचची सुरुवात, बाराला, साडेतीनला की रात्री, हे बऱ्याच मॅचेसच्या बाबतीत बारा दिवस आधी, कधी कधी तर फक्त सहा दिवस आधी ठरतं. आता तीनशे किलोमीटरवरून येणाऱ्याने हॉटेल कधी बुक करायचं, ब्रिस्केट कधी चढवायचं? दुपारी बाराच्या मॅचेसवर आमच्या कोलंबसमध्ये लोक खूप वैतागतात, कारण टेलगेटला वेळच मिळत नाही, आणि मला त्यांचं शंभर टक्के पटतं. शिवाय मध्ये मध्ये जाहिरातींसाठी खेळ थांबतो, घरी बसलेल्याला जाहिरात दिसते, स्टेडियममधला माणूस नुसता थंडीत कुडकुडत मैदानात उभ्या असलेल्या खेळाडूंकडे बघत बसतो. २०२३ पासून घड्याळाचा नियम थोडा बदलला, वेळ जरा कमी झाला, पण जाहिराती आहेत तशाच.

दुसरं कारण विद्यार्थी. उद्याचे सीझन तिकीटवाले तेच, म्हणून विद्यापीठांना त्यांची सगळ्यात जास्त काळजी. त्यांना सवलतीत तिकीट मिळतं, पण ते टेलगेटमध्येच रमतात, चारपैकी दुसऱ्या क्वार्टरला येतात आणि हाफटाइमला परत बाहेर. अलाबामासारखी टीम, दर वर्षी जिंकणारी, तिथेही विद्यार्थी मॅच एकतर्फी झाली की उठून जायचे आणि कोच निक सेबन उघडपणे नाराजी बोलून दाखवायचे. २०१९ मध्ये तिथे ॲप काढलं, विद्यार्थी चौथ्या क्वार्टरपर्यंत स्टेडियममध्ये आहे का हे फोनच्या लोकेशनवरून बघायचं आणि थांबला तर पॉइंट द्यायचे, त्या पॉइंटवर पुढे मोठ्या मॅचची तिकिटं. मला हा उपाय बिलकुल आवडला नाही. पोरांना थांबावंसं वाटेल असं काही आत ठेवायचं सोडून त्यांच्या फोनवर पाळत ठेवायची, याने प्रेम कसं वाढेल?

दारूचाही भाग आहे, तो टाळून चालणार नाही. कित्येक दशकं बऱ्याच कॉलेजांच्या स्टेडियममध्ये सामान्य प्रेक्षकांना दारू मिळायची नाही, म्हणून लोक बाहेर जास्तीत जास्त वेळ काढायचे आणि आत जायच्या आधी भराभर पिऊन घ्यायचे, ज्याचा त्रास शेवटी सगळ्यांनाच. दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या एसईसी गटाने २०१९ मध्ये बंदी उठवली आणि आता बहुतेक ठिकाणी आत बिअर मिळते. विद्यापीठाला उत्पन्न झालं हे खरं, पण माणूस आत वेळेवर येतो हाही फायदा झाला.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात काळजीचं, पैसा. चांगली सीट फक्त तिकिटाच्या किमतीत मिळत नाही, आधी विद्यापीठाला देणगी द्यावी लागते, जितकी देणगी तितकी पुढची सीट आणि तितकी जवळची पार्किंग. या देणगीवर पूर्वी ८० टक्के रकमेला कर सवलत होती, ती २०१८ पासून गेली. मग २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर्स. खेळाडूंना पैसे मिळाले हे योग्यच झालं, त्यांच्या जिवावर सगळं चाललंय आणि त्यांना इतकी वर्षं शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. पण ते पैसे कुठून येणार? टेनेसीने २०२४ मध्येच सांगून टाकलं की पुढच्या सीझन तिकिटांवर १० टक्के "टॅलेंट फी" लागेल. पार्किंगच्या जागा देणगीदारांसाठी राखीव होत चालल्यात, जिथे पूर्वी कुणीही गाडी लावून शेगडी पेटवायचा तिथे आता कंपन्या मांडव, टीव्ही, जेवण सगळं तयार भाड्याने देतात. सोय आहे, मान्य. पण वर सांगितलेल्या आजोबांची जागा गेली तर त्यांची नात तिकीट कशाला घेईल? तिला खेळाचं प्रेम लागलं ते त्या लॉटमध्ये, सीटवर नाही. विद्यापीठांनी टेलगेटच्या जागेकडे रिकामी जमीन म्हणून बघणं थांबवायला हवं, पुढच्या पिढीचा प्रेक्षक तिथेच तयार होतो.

याच्या उलटही होतं म्हणा. लॉस एंजेलिसचं यूसीएलए रोज बोल स्टेडियममध्ये खेळत आलंय, जे कॅम्पसपासून ४० किलोमीटरवर पॅसाडेनात आहे. शेजारच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर गाड्या लावून टेलगेट करायला यापेक्षा सुंदर जागा मिळणार नाही, मागे डोंगर, वरती निळं आकाश. तरी आत कितीतरी मॅचेसना निम्मं स्टेडियम रिकामं, कारण विद्यार्थ्याला लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमधून तासभर बसने जावं लागतं. म्हणजे नुसती जागा असून भागत नाही, कॅम्पसवरून चालत जाता आलं पाहिजे.

आणि इंडियाना विद्यापीठ तर अभ्यास करण्यासारखं उदाहरण आहे. ब्लूमिंग्टनला स्टेडियमसमोरच्या मैदानात विद्यार्थ्यांचं टेलगेट नेहमीच जोरात, पण टीम इतकी हरायची की बरेचजण आत जायचेच नाहीत, किकऑफ झाला तरी बाहेर गाणी चालू. २०२३ ला टीम १२ पैकी ९ मॅचेस हरली. २०२४ ला कर्ट सिग्नेटी नावाचे नवे कोच आले, टीमने पहिल्या दहाच्या दहा मॅचेस जिंकल्या, आणि त्याच गावात, त्याच विद्यार्थ्यांनी, साधारण ५२ हजारांचं ते स्टेडियम भरून टाकलं. बाहेर लोक होतेच की आधीपासून! त्यांना फक्त दाराच्या आत यायला कारण हवं होतं. जिथे टेलगेट जिवंत आहे तिथे स्टेडियम परत भरायला एक चांगला सीझन पुरतो, जिथे बाहेरची जत्राच मोडली तिथे कोच बदलून किती फरक पडेल मला शंका आहे.

आपल्याकडून इथे शिकायला येणाऱ्यांसाठी थोडं. पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची पोरं पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, ॲरिझोना स्टेट, ओहायो स्टेट अशा ठिकाणी दर वर्षी येतात, आणि बरेचजण दोन वर्षं काढून एकही मॅच न बघता जातात, खेळ कळत नाही म्हणून. खेळ कळायची गरज नाही, खरंच. तिकीट महाग वाटलं तर पहिल्यांदा नुसतं टेलगेटला जा, त्याला तिकीट लागत नाही, कॅम्पसच्या रंगाचा टीशर्ट घाला आणि फिरा, कुणीतरी बोलावतंच. व्हेज असाल तर कणीस, मॅक अँड चीज, चिप्स-साल्सा, बटाट्याचं सॅलड यावर आरामात भागतं, फक्त बीन्स आणि चिलीमध्ये मांस असतं बऱ्याचदा, ते विचारून घ्या. स्वतः काहीतरी घेऊन गेलात तर अजून चांगलं, भेळ किंवा गरम कोथिंबीर वडी नेली तर पाच मिनिटांत संपते हे मी बघितलंय. आत जायचं असेल तर विद्यार्थी तिकिटाची नोंदणी बऱ्याच ठिकाणी सीझन चालू व्हायच्या आधीच बंद होते, म्हणून आल्या आल्या बघा, आणि नवख्यांनी सप्टेंबरमधली एखाद्या कमी नावाच्या टीमविरुद्धची मॅच घ्यावी, स्वस्तात मिळते. पाठीवरची सॅक नेऊ नका, बहुतेक स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी चालते आणि गेटवरून परत पाठवतात. नोव्हेंबरची मॅच असेल तर धातूच्या गार बाकावर टाकायला एक जाड घडी किंवा उशी घ्या, आणि बँड बघायला किकऑफच्या अर्धा तास आधी सीटवर पोहोचा. ओहायो स्टेटचा बँड मैदानात चालत चालत "ओहायो" अशी अक्षरं काढतो, १९३६ पासून, आणि शेवटी सूझाफोन हे अवजड वाद्य वाजवणारा एक विद्यार्थी ऐटीत चालत जाऊन त्यातल्या आयवर टिंब म्हणून उभा राहतो, तेव्हा जो आवाज होतो तो कित्येक टचडाउनना होत नाही.